लिंबावर चार घाव

मी कुऱ्हाड बोलतेय. दचकू नका. हातात कोणी धरलेलं नसलं की मी फक्त बोलते, आणि बोलण्यानं आजवर कोणाचं लाकूड फुटलेलं नाही.

तसा माझ्या बोलण्यावर फार विश्वास ठेवायचा नसतो. माझ्या दहा गोष्टींतल्या चार खऱ्या असतात, चार जरा वाढवलेल्या असतात आणि उरलेल्या दोन आता माझ्या मलाच खऱ्या वाटायला लागल्यात. ही गोष्ट मात्र पहिल्या चारांतली.

मराठी माणसानं माझी जेवढी बदनामी केली तेवढी विळ्या-कोयत्याचीही केली नाही. स्वतः मूर्खपणा करायचा आणि म्हणायचं, ‘पायावर कुऱ्हाड मारून घेतली’. अरे, पाय तुझा, हात तुझा, गेलेली अक्कलही तुझीच. मग नाव माझं कशाला? शाळेत मास्तर लोक माझ्या दांड्याला गोतास काळ म्हणतात. माझा दांडा धावड्याच्या लाकडाचा, सातपुड्यातला. तो बिचारा नुसता मागं उभा असतो, नवरदेवाच्या करवल्यासारखा. तोडायचं सगळं मीच बघते.

माझा जन्म चोपड्याच्या बाजारातला. बेचाळीस वर्षं झाली. झिपरू मिस्त्रीनं मला एका ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यातून घडवलं. तो ट्रक रावेरहून केळी भरून दिल्लीला जायचा. म्हणजे जन्माच्या आधीच माझं दिल्लीला येणं-जाणं होतं. लाल किल्ला पाहिलेली दुसरी कुऱ्हाड खान्देशात दाखवा, मी बोलणं सोडते. ट्रकच्या खालून तो जरा अंधुक दिसतो एवढंच.

मला विकत घेतलं प्रेमराज नानांनी. का घेतलं, हे त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. सरकारी कचेरीतले कारकून. बाजारात गिलकी, म्हणजे घोसाळी, आणायला आले आणि मला घेऊन गेले. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, “गिलकी कोठे शेतस?” नानांनी मला पुढं केलं. त्या दिवशी दोघांनी ठेचा आणि भाकरी खाल्ली.

नाना दर रविवारी मला धार लावत. धार लावणं हा त्यांचा छंद होता, तोडणं नव्हे. कागद तयार ठेवायचा, सही मात्र उद्या. कचेरीतली ही सवय त्यांनी मलाही लावली. तीस वर्षांत मी होळीची लाकडं फोडली, नारळ फोडले आणि एकदा एका बिबट्याला पळवून लावलं. बिबट्या तसा लहान होता. शेजारच्यांचा होता. दूध प्यायला आला होता.

नानांनी पुढं जळगावला, पिंप्राळ्यात घर बांधलं. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि मागं मात्र भलं मोठं परस. या परसातल्या दोन झाडांची ओळख आधीच करून देते, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यामुळेच झाला.

पहिलं कडुलिंबाचं. ते कोणी लावलं नाही. एक कावळा कुंपणावर बसला, पोट हलकं करून उडाला, आणि त्याच्या त्या प्रसादातून झाड उगवलं. नाना म्हणाले, “उद्या उपटून टाकू.” तो उद्या काही उगवला नाही. झाड मात्र घरापेक्षा उंच झालं, आणि जळगावच्या उन्हात घराच्या दोन खोल्यांवर सावली धरून उभं राहिलं.

दुसरं लिंबाचं, म्हणजे सरबतातल्या लिंबाचं. ते नानांनी रोपवाटिकेतून वाजतगाजत आणलं. त्याला खत, त्याला आळं, त्याला कौतुक. सात वर्षं झाली, त्याला एक फळ नाही. काटे मात्र असे, की दाभणानं शिकवणी लावावी. फुकटचं आलेलं सावली देतं आणि लाडानं आणलेलं टोचतं. माणसांच्या घरातही असंच असतं म्हणे. मी नावं घेत नाही.

नाना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात त्यांच्या पत्नी दिवालीबाई एकट्याच. वय त्र्याहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. मला त्यांनी कूलरच्या स्टँडखाली सरकवलं, आणि मी तिथं गंजत, कोळ्यांना दिल्लीच्या गोष्टी सांगत पडले.

अक्कांना एकुलती एक मुलगी, ज्योत्स्ना. अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याला गेली. आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा सासरी गेलेल्या पोरींचा सण. बाकी कुठल्या सणाला नाही आली तरी चालेल, आखाजीला पोरगी माहेरी आलीच पाहिजे. आंब्याचा रस खायचा, झाडाला झोका बांधायचा, सासूच्या नावानं गाणी म्हणायची आणि परत जाऊन तिच्याच पाया पडायचं. पण ज्योत्स्ना दोन वर्षं आली नव्हती. एकदा ऑफिस आडवं आलं, एकदा मुलाची परीक्षा. अक्कांनी दोन्ही वर्षी रस केला, आणि दोन्ही वर्षी तो एकट्यानं संपवून पोट बिघडवून घेतलं.

यंदा आखाजीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. अक्का फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे त्यांच्या घरात गुपित असं काही नसतं.

“आई, मी यंदा येते,” ज्योत्स्ना म्हणाली. “पण स्पष्ट सांगते. मागच्या वेळी परसात पाय ठेवायला जागा नव्हती. ते गवत काढ, तो भंगार कूलर काढ. आणि ते लिंबाचं झाड तेवढं मुळापासून काढून टाक. मग येते.”

अक्का थांबल्या. “लिंबनं झाड?”

“हो, तेच. काय उपयोग आहे त्याचा? दर वेळी त्रास नुसता. माणूस लावून तोडून घे.”

“बठ्ठं झाड?”

“हो, सगळं. मुळासकट.”

“बरं,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता जरा थांबा. इथं मी तुम्हाला ते सांगते, जे अक्कांना कोणी सांगितलं नाही. पुण्यात लिंबाचं झाड म्हणजे लिंबूचं झाड. ज्योत्स्नाच्या टाचेत मागच्या खेपेला त्याचाच काटा मोडला होता. पुण्याला जाऊन पंधरा दिवस ती लंगडत ऑफिसला गेली. आणि आमच्या खान्देशात? आमच्याकडे जे सरबतात पडतं ते निंबू. लिंब म्हणजे फक्त कडुलिंब. पोरगी पुण्याच्या जिभेनं बोलली, माय खान्देशच्या कानानं ऐकती झाली, आणि मधल्या मधे एका निरपराध झाडाला फाशी लागली.

मला हे लगेच कळलं होतं. बरं, लगेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अक्का उठल्या. साडीवर नानांचा जुना फुल शर्ट चढवला, पायात नानांचे कॅनव्हासचे बूट घातले, डोक्याला टॉवेल गुंडाळला. आरशात बघून म्हणाल्या, “दरोडा टाकाले चालनी मी.” मग कूलरच्या स्टँडखाली हात घालून मला ओढलं. सहा वर्षांनी माझ्या दांड्याला माणसाचा हात लागला. कोळ्यांनी निरोप समारंभसुद्धा करू दिला नाही.

मला वाटलं, आता थेट लिंब. पण अक्कांनी मला लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “पहिले बठ्ठं बाकीनं.”

आणि बाकीचं त्यांनी असं काढलं की काय सांगू! गाजरगवत कमरेइतकं माजलेलं. ते मुठीमुठीनं उपटलं. एरंड कापले. भंगार कूलर ढकलत ढकलत फाटकापर्यंत नेला. वाटेत तो तीन वेळा रुसला, अक्का त्याला चार वेळा शिव्या देऊन बसल्या. नानांची बिनचाकाची सायकल निघाली, सात फुटक्या कुंड्या निघाल्या. एका कुंडीत नानांचा चष्मा सापडला, जो ते दोन वर्षं शोधत होते आणि ज्यासाठी त्यांनी अक्कांवर आळ घेतला होता. अक्कांनी चष्मा पुसला, घरातल्या फोटोसमोर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, “देखा. कोन हारपाडेल व्हता?” उत्तराची वाट न बघता त्या परसात परतल्या. नाना जिवंत असतानाही बघत नसत.

माझा उपयोग मात्र भलत्याच कामांना. कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब वाकला होता, त्याला सरळ करायला मला उलटं धरून हातोडा केलं. कुंपणाच्या भिंतीची वीट निखळली होती, तिला बसवायला पुन्हा मीच. दिल्ली पाहिलेल्या कुऱ्हाडीची ही अवस्था.

पण नऊच्या सुमाराला मी पराक्रम केला. गवताच्या आतून एक नाग निघाला. काळा, वीस हात लांब, वेटोळं घालून बसलेला. अक्कांनी मला दोन्ही हातांनी उचललं, डोळे मिटले, आणि मी एका घावात त्याचे दोन तुकडे केले. नाग जागच्या जागी ठार.

डोळे उघडल्यावर तो झाडांना पाणी घालायचा रबरी पाईप निघाला. पण मारला तर मीच.

“जाऊ दे,” अक्का म्हणाल्या. “तेले बी म्हातारपन उनं व्हतं.”

पाईप गेल्यामुळे पाणी बादलीनं आणायची वेळ आली. आणि आता ऐका, अक्कांनी ते पाणी कुठं घातलं. निंबूला. त्याच त्या लिंबूला! त्याच्याभोवतीचं गवत हातानं वेचलं, खुरप्यानं गोल आळं केलं, शेणखताच्या दोन टोपल्या घातल्या, वर सहा बादल्या पाणी. दोन काटे हाताला टोचले, रक्त आलं. अक्का बोट चोखत त्याला म्हणाल्या, “टोच, टोच. तुले तरी कोन शे आते? तो मोठा जाई राहिना. आते तूच मना सोबती.”

ज्याचा खून करायला पुण्याहून हुकूम आला होता, त्याची इथं अशी पूजा चालली होती. लिंबू पण काय, ताठ उभं. त्याला वाटलं, आपला दरारा.

बारा वाजता ऊन असं तापलं की माझ्या पात्यावर पापड भाजून निघाला असता. अक्का लिंबाच्या सावलीत बसल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. खाता खाता पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून झाड बघितलं. बघितलं आणि खायच्या थांबल्या.

कुंपणापलीकडून आवाज आला, “अक्का, ह्या वयमा कोनती शर्यत जिंकी राहिन्यात?”

हे रुपचंद आबा. एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. दिवसभर मागच्या ओट्यावर कुंपणाला खुर्ची लावून बसतात, हातात पेपर असतो आणि लक्ष आमच्या परसात. तीस वर्षं आरशात मागचं बघायची सवय, ती सुटत नाही.

“तुम्ही तुमना पेपर वाचा, आबा.”

“पेपर सकायपासीन वाची राहिनू. तेनापेक्षा आठे जास्ती बातम्या शेतस. कुराड कसाले काढी?”

“लिंब तोडाना शे.”

आबांचा पेपर खाली आला. “काय तोडाना शे?”

“लिंब. ज्योत्स्नानं सांगेल शे. लिंब काढशी तवय येसू, म्हने.”

“पोरगी याडी व्हयनी का? इतला मोठा लिंब! तेनी अर्धी सावली तं मना घरवर पडस. आनि महापालिकानी परवानगी लागस अक्का, कायदा शे.”

“परवानगी मी लिंबपाशीन लेसू.”

“माणूस तरी लावा. तुमनाघाई व्हनार नही.”

“दुसरा कोन्ही मारी तं देखवनार नही,” अक्का म्हणाल्या. “मी मारसू तं मी डोया तं मिटी लेसू.”

आबांनी पेपरची घडी केली आणि पुन्हा उलगडली. गप्प राहणं त्यांना जमत नाही, लगेच खोकला येतो. खोकून म्हणाले, “एकदाव फोन करी इचारा ना तिले. कसाले तोडाना शे म्हनी.”

“नही.” अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला. “दोन साल झायात आबा. दोन आखाज्या. ती म्हनस ऑफिस, मी म्हनस बरं. ती म्हनस परीक्षा, मी म्हनस बरं. आते कोठे येसू म्हनी, आनि मी इचारू कसाले? इचारं आनि तिनं नही म्हनं तं? लिंब काय, घर माग तं घर बी देसू. पन पोरगी येवाले पाहिजे.”

लिंबाचं एक पान अक्कांच्या ताटात पडलं. अक्कांनी ते बाजूला काढलं नाही, ठेच्याला लावून खाल्लं आणि तोंड वाकडं केलं.

तुम्हाला सांगते, मी तेव्हा ओरडत होते. “अहो, ते नव्हे! ते दुसरं, टोचणारं!” पण कुऱ्हाडीचं ओरडणं माणसाला ऐकू येत नाही. माणसाचं माणसाला येत नाही, तिथं माझं काय?

पाच वाजता अक्का उठल्या. परस इतकं स्वच्छ झालं होतं की ओळखू येत नव्हतं. आता काढायला काही उरलं नव्हतं. एक लिंब सोडून.

अक्का घरात गेल्या आणि हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, तांब्याभर पाणी घातलं. मग त्याच्या सालीवर हात ठेवून म्हणाल्या, “माफ कर रे भो. आंडेरनं सांगेल शे.” आंडेर म्हणजे लेक. आणि मग, बकरा कापायच्या आधी म्हणतात तसं, जरा मोठ्यानं, “ज्योत्स्नाना नाववर जाय.” म्हणजे पाप गेलं पुण्याला.

त्यांनी मला उचललं. डोळे मिटले.

पहिला घाव. मी सालीवरून घसरले. अक्कांना वाटलं, हात चुकला. हात नव्हता चुकला, मी चुकवला.

दुसरा घाव. आडवा लागला. सालीचा एक टवका उडाला आणि आतून झाडाचा पिवळसर रंग दिसला. अक्कांनी डोळे उघडले, बघितलं आणि पुन्हा मिटले.

तिसरा घाव. हा खरा बसला. अर्धं बोट आत गेले मी. दोष माझा नाही. जन्मभर नानांनी धार लावून ठेवली होती, ती नेमकी त्याच वेळी कामाला आली.

चौथ्या घावाला अक्कांनी मला डोक्याच्या वर नेलं. आता इथं एक तांत्रिक बाब. शहाणी माणसं कुऱ्हाड वापरायच्या आधी तिला पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे लाकूड फुगतं आणि पातं घट्ट बसतं. सहा वर्षं जळगावच्या उन्हाळ्यात सुकलेला दांडा, आणि अक्कांनी मला पाण्याचा थेंब दाखवला नव्हता. सगळं पाणी त्या लिंबूच्या पोटात. अक्कांनी मला खाली आणलं, घाव लागला, आणि मला मागं खेचताना मी दांड्यातून निसटले. दांडा अक्कांच्या हातात. मी हवेत.

उडताना मला सगळं दिसलं: पिंप्राळा दिसलं, सातपुडा दिसला, आणि थोडं उजवीकडं दिल्ली. मग मी कुंपणावरून आबांच्या ओट्यावर गेले आणि त्यांच्या पाण्याच्या माठात शिरले.

“माय व माय! मना माठ!”

आबा खुर्चीसकट मागं पडले, उठले, ओट्यावर वाहणारं पाणी बघितलं, ठिकऱ्यांमध्ये मला बघितलं. “अक्का! मी आठे, माठ तठे, दोन फूटनं अंतर! दोन फूट इकडे राहती तं आज मना पेपरमा फोटो येता!”

“लागनं का आबा?” अक्का घाबरून कुंपणाशी आल्या.

“माले नही लागनं. पन आते मी बोलसू. तुम्ही नही इचारत ना, मी इचारस.” आबांनी खिशातून फोन काढला. ज्योत्स्नाचा नंबर त्यांच्याकडे होता. अक्कांना काही झालं तर म्हणून तिनंच देऊन ठेवला होता. त्यामुळे नाव दिसताच तिनं घाबरून उचलला.

“आबा? काय झालं? आई ठीक आहे ना?”

“तुनी माय ठीक शे. मना माठ ठीक नही. तुनी माय सकायपासीन कुराड लिसन फिरी राहिनी. तुले लाज वाटत नही का व? इतला मोठा लिंब, तीस सालना, तोडाले सांगस?”

“कुठला मोठा?” ज्योत्स्ना म्हणाली. “ते एवढंसं तर आहे! सात वर्षांत वाढलं तरी कुठं ते?”

आबांनी मान वर करून लिंबाच्या शेंड्याकडे बघितलं. मग फोनकडे. मग पुन्हा शेंड्याकडे.

“पोरी,” ते हळू म्हणाले, “तू कोनता झाडनं बोली राहिनी?”

“लिंबाचं! काटे असलेलं! माझ्या टाचेत मोडला होता तो!”

“निंबू?”

“हो, लिंबू!”

“निंबू,” आबा कुंपणापलीकडे बघत म्हणाले. “अक्का, निंबू शे. निंबू!”

मग ज्योत्स्नाचा आवाज एकदम बारीक झाला. “आबा, आई काय तोडतेय?”

अक्कांनी कुंपणावरून हात लांब करून आबांच्या हातातला फोन ओढला. दिवसभराचा घाम, पाईपचा नाग, नानांचा चष्मा, दोन चुकलेले घाव आणि दोन लागलेले, सगळं एकदम त्यांच्या तोंडाशी आलं.

“निंबू म्हनाले काय जीभ झिजस का व तुनी? आठे लिंब म्हंजे लिंब आनि निंबू म्हंजे निंबू! पुनामा जाईसन इतलं बी याद नही राहिनं? मी तेले कुंकू लावं! तेनी माफी मांगी!”

“आई, सॉरी गं, मी...”

“आनि आते ऐक. निंबू बी तोडाव नही. मी तेले आज आळं करं, शेणखत घालं, सहा बादल्या पानी घालं. मनी कंबर मोडनी. बठ्ठी झाडं राहतीन. तुले येवानं व्हई तं ये, नहीतर...”

इथं अक्का अडकल्या. ‘नहीतर’च्या पुढं काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. सगळा दिवस ज्यासाठी राबल्या, ते आता एका शब्दावर उभं होतं, आणि तो शब्द त्यांना स्वतःलाच तोंडातून काढायचा नव्हता. आबांनी पेपर उचलला आणि उलटा धरून वाचायला लागले.

फोनमधून ज्योत्स्ना म्हणाली, “राहू दे दोन्ही. मी बूट घालून येते.”

अक्कांनी फोन आबांना परत दिला, खाली बसल्या आणि पदरानं, म्हणजे नानांच्या शर्टाच्या बाहीनं, तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. उन्हानं घाम फार येतो.

पुढचं थोडक्यात. आबांनी मला ठिकऱ्यांतून उचलून आणलं, दांड्यात परत बसवलं, पाचर ठोकली आणि ताकीद देत बादलीत उभं केलं. माठाबद्दल ते दिवसातून तीन वेळा बोलतात. पहिल्या दिवशी तो साधा माठ होता. आज ऐकलं तर तो धुळ्याचा होता, त्यांच्या आजीचा होता आणि त्यातलं पाणी प्यायला लांबून माणसं येत. माझ्यापेक्षा मोठा थापाड्या या गल्लीत आहे, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

ज्योत्स्ना काल सकाळी आली. रिक्षातून उतरली ती खरंच बूट घालून. गुडघ्यापर्यंतचे, पावसाळ्यात घालतात तसले, वैशाखाच्या उन्हात. गल्लीतल्या बायका दारात आल्या. अक्का हसायला लागल्या ते बूट बघून, आणि हसता हसता त्यांना थांबता येईना.

मग ज्योत्स्ना मागं परसात आली. लिंबूला लांबून नमस्कार केला. आणि लिंबाजवळ गेल्यावर तिला बुंध्यावरचे घाव दिसले. कुंकू अजून तसंच होतं, घावांच्या वर. एका घावातून डिंक आला होता. तिनं त्या घावात बोट घातलं, ते अर्ध्यापर्यंत आत गेलं.

“आई,” ती म्हणाली, “तू खरंच तोडणार होतीस?”

“तू सांगं व्हतं ना,” अक्का म्हणाल्या. एवढंच. जसं काही पोरीनं मीठ आणायला सांगितलं होतं.

ज्योत्स्ना बोट तसंच घावात ठेवून उभी राहिली. मग तिच्या तोंडून निघालं, “माय व...” अठरा वर्षांत पुण्याचं ‘आई’ सोडून तिनं या घरात हे पहिल्यांदा म्हटलं. तेवढं म्हणून ती अक्कांच्या गळ्यात पडली आणि दोघी इतक्या रडल्या की लिंबूला एक बादली कमी घातली असती तरी चाललं असतं.

तर माणसांनो, माझं मागणं मोठं नाही. एखादं झाड तोडायला सांगायचं असेल तर त्याचं पूर्ण नाव सांगा. आणि कोणी ‘लिंब तोड’ म्हणालं, तर ‘बरं’ म्हणायच्या आधी ‘कोनता लिंब’ एवढं विचारा. आमच्याकडून काम करून घ्यायला नुसतं डोकं लागतं. आमचं नव्हे, तुमचं.

मी त्या दिवशी मुद्दाम निसटले, यावर कोणाचा विश्वास नाही. आबा म्हणतात दांडा वाळला होता, अक्का म्हणतात देवानं केलं, ज्योत्स्ना म्हणते नशीब. बादलीत उभ्या असलेल्या कुऱ्हाडीला कोणी विचारलं नाही. आज तिसरा दिवस. परसात रसाच्या वाट्या फिरतायत, हसण्याचे आवाज येतायत, आणि मला पाण्यातून बाहेर काढायचं कोणाच्या लक्षात नाही. या, काढा कोणीतरी. दांडा केव्हाच फुगलाय, आणि मीही.